निस्तार आणि निस्तरणं

भंडारा जिल्ह्यात ‘मामा तलाव’ हे नाव पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटतं, कुणाच्या तरी मामाने तो बांधला असावा. इथे नात्यातला मामा नाही. ‘माजी मालगुजारी तलाव’ या नावातल्या पहिल्या दोन शब्दांची आद्याक्षरं एकत्र येऊन मामा तयार झाला आणि असा रुळला की आता जिल्हा परिषदेच्या कागदांत, वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत आणि चहाच्या टपरीवरही तोच चालतो. भंडारा तेव्हा मध्य प्रदेशात होता. त्या राज्याच्या 1950 च्या कायद्याने मालगुजारी संपली, 1951 मध्ये तलाव सरकारजमा झाले आणि मालगुजारीच्या मागे ‘माजी’ लागलं. मालगुजार गेला, तलाव राहिला. तलावाबरोबर शब्दांचं एक सबंध कूळही राहिलं. माणसं एकमेकांशी बोलतात तेव्हा कुणी कुणावर किती विसंबावं आणि बोललेल्याचं ओझं शेवटी कुणी उचलावं, याचा विचार या कुळातल्या शब्दांनी फार पूर्वीच करून ठेवला आहे. म्हणून हे कूळ मांडून बघायचं.

‘मालगुजार’मधला माल अरबी, इथे त्याचा अर्थ महसूल. गुजार फारसी. दिवस गुजरतात, पोटाची गुजराण होते, जुन्या दफ्तरांत लोक अर्ज गुजारतात. हे सगळे त्याच घरचे. मूळ अर्थ पार जाणं, पलीकडे पोचवणं. रयतेकडून सारा घेऊन तो सरकारात पोचता करणारा, तो मालगुजार. या ‘गुजर’चं जुनं इराणी रूप ‘वि-तर’. सम्राट दारयवहू पहिला याने इसवी सनापूर्वी 520 च्या सुमारास बेहिस्तूनच्या कड्यावर लेख कोरवून घेतला, त्यात सैन्याने तिग्रिस नदी पार केल्याची नोंद याच क्रियापदाने केली आहे. आपल्याकडे ‘वि’ आणि ‘तॄ’ मिळून वितरण होतं, वैतरणीही होते. तेव्हा गावचा मालगुजार, रेशन दुकानातलं वितरण आणि पुराणातली वैतरणी ही एकाच आजोबांची नातवंडं.

तॄ म्हणजे तरून जाणं. तीर, तीर्थ, तारू, अवतार हे शब्द त्यातून आले हे सर्वांना माहीत असतं. सावकाराकडे किंवा बँकेत ठेवायचं ‘तारण’ त्यातलंच, हे चटकन ध्यानात येत नाही. तलाठ्याकडचा ‘उतारा’ही उतरण्यातून आलेला, म्हणून त्याच गोत्रातला. ‘उत्तर’ला या रांगेत बसवायचा मोह होतो आणि तो आवरायला हवा. तो ‘उद्’ला ‘तर’ हा तुलनेचा प्रत्यय लागून झालेला आहे, ‘वरचं, नंतरचं’ या अर्थाचा. शब्द सारखे दिसले म्हणून नात्यातले ठरत नाहीत. व्युत्पत्ती सांगणाऱ्याने एवढी शिस्त पाळली नाही तर त्याच्या इतर बोलण्यावरही कुणी विसंबू नये.

या कुळातला, भंडाऱ्याकडच्या झाडीपट्टीचा खास शब्द म्हणजे निस्तार. संस्कृतात त्याचा अर्थ पार पडणं, सुटका होणं, ऋण फेडून मोकळं होणं. जुन्या मध्य प्रांतात त्याला फार ठोस अर्थ मिळाला. गावकऱ्याने जंगलातून सरपण आणावं, गुरं चारावीत, तलावावर जनावरांना पाणी पाजावं, बैलगाडीच्या दुरुस्तीला लाकूड तोडावं, या गरजा भागवण्याच्या हक्काला निस्तार म्हणू लागले. गावकऱ्याचा संसार ज्याने पार पडतो तो निस्तार. त्याची नोंद ज्यात होते ते निस्तार पत्रक. संसदेने 2006 चा वनहक्क कायदा केला तेव्हा सामुदायिक हक्कांच्या यादीत हा शब्द जसाच्या तसा ठेवला. गावच्या तोंडचा शब्द दिल्लीच्या कायद्यात न बदलता पोचला, हे क्वचित घडतं.

उरलेल्या महाराष्ट्रात निस्तार फारसा कुणी म्हणत नाही. पण त्याचं क्रियापद घरोघरी आहे. ‘केलंस ना तू? मग आता तूच निस्तर!’ हे वाक्य आईच्या तोंडून ऐकलं नाही असा मराठी माणूस विरळा. निस्तरणं म्हणजे आपल्या करणीतून उपजलेलं सगळं शेवटापर्यंत पार पाडणं. एकाच धातूतून एका बाजूला गावाचा हक्क निघाला आणि दुसऱ्या बाजूला करणाऱ्याची जबाबदारी. भंडाऱ्याच्या तलावांच्या गावांत या दोन्ही बाजू एकाच पाळीवर भेटत.

हे तलाव बांधण्यात कोहळी समाज अग्रेसर. परंपरा सांगते की चांद्याच्या गोंड राजाने तलाव बांधणाऱ्याला त्या तलावाखालची जमीन द्यायचं कबूल केलं होतं. साकोलीजवळचा शिवनीबांध, आता गोंदिया जिल्ह्यात गेलेला नवेगावबांध, ही त्या कामाची मोठी नावं. तलावाहून लहान ती बोडी. पाण्याला अडवणारी ती पाळ, पाळीतून पाणी सोडायची मोरी म्हणजे तुडुम, जादा पाणी वाहून जायची वाट म्हणजे सलंग. खाली धानाच्या बांध्या, आणि दोन बांध्यांमधला धुरा.

आता या बांध्यांमध्ये बोलण्याचं काम काय ते जवळून पाहू. रोवणी होऊन धान वाढलं, पाऊस ओसरला आणि भारी धान लोंबीत आलं की शेवटचं पाणी लागतं. तुडुम उघडलं की पाणी वरच्या बांधीत शिरतं, ती भरली की धुऱ्याचं तोंड फोडून खालच्या बांधीत जातं, तिथून आणखी खाली. शेवटच्या बांधीचा मालक तलावापासून लांब असतो. वर पाणी किती उरलं ते त्याला दिसत नाही. ‘माझं झालं, आता तुझ्याकडे सोडतो’ हे वरच्याचं वाक्य एवढाच त्याचा आधार. वरचा खोटं बोलला तर ते रात्रीत कळणार नाही. पंधरा दिवसांनी खालच्या लोंब्या पोचट निघतील आणि तेव्हा सगळ्या गावाला कळेल. म्हणून तिथे बोललेलं वाक्य हवेत विरत नसे. बोलणारा सापडणारा होता, आणि निस्तरायला त्यालाच लागायचं. माझ्या मते विश्वासाची सगळ्यात पक्की जागा ही. माणूस स्वभावाने चांगला आहे की नाही याची वाट न बघता, बोललेल्याचा पडताळा ठरलेल्या वेळी येतो आणि बोलणारा गावातच असतो, यावर हा विश्वास उभा असतो.

हे तोंडी ठरलेलं सगळं केव्हातरी कागदावर आलं. त्या कागदाचं नाव वाजिब-उल-अर्ज. आज तो शब्द उच्चारताना तलाठीही अडखळतो, पण तो कायद्यात जिवंत आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 मधलं कलम 161 निस्तार पत्रकाचं आणि कलम 165 वाजिब-उल-अर्जचं. प्रत्येक गावात सिंचन, वाट आणि मासेमारी यांबद्दलची जी वहिवाट असेल ती जिल्हाधिकाऱ्याने शोधून नोंदवायची, असं ते कलम सांगतं. अर्ज म्हणजे पुढे मांडणं. वाजिब म्हणजे उचित, टाळता न येणारं. ‘जे मांडणं उचितच आहे ते’ असा सबंध शब्दाचा अर्थ. महसूल खात्याच्या एका दस्तऐवजाला इतकं सुंदर नाव मिळावं याचं मला नेहमी अप्रूप वाटतं. आपण अर्ज म्हणजे विनवणी समजतो. इथे अर्ज म्हणजे गावाने आपलं म्हणणं निःसंकोच पुढे ठेवणं. त्या नोंदीवर दाद मागायची सोयही आहे. नोंद प्रसिद्ध झाल्यापासून एका वर्षाच्या आत, तिने बाधित झालेला माणूस दिवाणी न्यायालयात जाऊ शकतो. सांगणाऱ्याला मान, लिहिणाऱ्याला जाब, आणि ज्याचं नुकसान झालं त्याला बोलायला जागा. संवादाची याहून पूर्ण व्यवस्था मला दुसरी माहीत नाही.

अशा कागदात जो मजकूर असतो त्याला जुन्या दफ्तराच्या भाषेत इबारत म्हणतात. आणि त्यावर जो ठेवायचा तो इतबार. हे दोन्ही अरबीतल्या ‘अ-ब-र’ या एकाच धातूचे, आणि त्या धातूचा अर्थ काय, तर पार जाणं, ओलांडणं! संस्कृत आणि फारसी एका कुळातल्या, त्यांचे शब्द जुळले तर नवल नाही. अरबीचं कूळ अगदी वेगळं. तरी तिथल्या माणसालाही वाटलं की मजकूर म्हणजे एका मनातून दुसऱ्या मनात पार गेलेली गोष्ट आणि भरवसा म्हणजे त्या ओलांडण्यावर केलेली भिस्त. इतकंच नाही, अरबी ‘जवाब’च्या धातूचाही जुना अर्थ आरपार जाणं, मुलूख तुडवणं असाच आहे. पावसाळ्यात वैनगंगेच्या या काठावरून त्या काठाला डोंग्याने जाणाऱ्याला हे वेगळं समजावावं लागणार नाही. डोंगा नावाड्याच्या हातात असतो, आणि पाण्यावर असेपर्यंत आपला जीवही.

पण बोलणं पार जायचं तर दुसऱ्या काठावर ते उतरून घेणाराही लागतो. झाडीबोलीत ‘ळ’चा ‘र’ होतो आणि ‘ण’चा ‘न’. डोळा म्हणजे डोरा, काळा म्हणजे कारा, पाणी म्हणजे पानी. तेव्हा पाळीची होते पार. समजा, एखादा म्हातारा शेतकरी अधिकाऱ्यासमोर सांगतो आहे, ‘पार फुटली’. बाहेरून आलेल्या लेखनिकाला पार म्हणजे झाडाभोवतीचा ओटा माहीत, नाहीतर ‘पार थकलो’मधला पार. तो लिहील काय? तलावाची पाळ फुटून धान वाहून गेल्याची ती खबर आहे, आणि ती अर्धवट कागदावर उतरली तर नुकसानभरपाईही अर्धवट. अशा वेळी ‘बोली अशुद्ध’ म्हणून सांगणाऱ्याला दोष देतात. दोष ऐकणाऱ्याचा आहे. ज्याच्या पगारात ऐकणं हे काम धरलेलं आहे त्याने पारीचा अर्थ विचारून घेतला पाहिजे. साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी आयुष्य घालवून झाडीबोलीचा शब्दकोश केला, त्या कामाकडे हौस म्हणून पाहू नये. तो कोश जिल्ह्यातल्या प्रत्येक तहसील कार्यालयात आणि ठाण्यात टेबलावर असायला हवा. बोरकरांनी आपलं काम केलं. आता पाळी वाचणाऱ्यांची.

ठाण्यात जो नोंदवतात तो जबाब. त्याला फारसी ‘दार’ लागून जबाबदार झाला, म्हणजे जबाब ज्याच्यापाशी आहे तो. विचारलं तर ज्याला उत्तर द्यावं लागेल, तो जबाबदार. विदर्भात याऐवजी जिम्मेदारी हा शब्द अधिक कानावर येतो आणि त्याचा मुळातला अर्थ आणखी खोल आहे. अरबीत ‘झिम्मा’ म्हणजे शब्द देऊन पत्करलेलं संरक्षण. ज्याचा जिम्मा घेतला त्याच्या जिवाची हमी घेतली.

इथे साक्ष या शब्दाकडे यायलाच हवं, आणि भंडाऱ्याविषयी लिहिताना ते सोपं नाही. साक्ष ‘अक्ष’वरून, अक्ष म्हणजे डोळा. आपल्या डोळ्यांनी प्रत्यक्ष पाहिलेला तो साक्षी. एका मारहाणीच्या प्रकरणात मोहाडी तालुक्यातल्या खैरलांजीच्या एका दलित कुटुंबातल्या आईने आणि मुलीने, डोळ्यांनी पाहिलं ते सांगितलं, आरोपी ओळखले. 29 सप्टेंबर 2006 रोजी ते आरोपी जामिनावर सुटले आणि त्याच संध्याकाळी जमावाने ती आई, ती मुलगी आणि दोन मुलगे अशा चौघांना ठार केलं. भंडाऱ्याच्या सत्र न्यायालयाने 2008 मध्ये आठ जणांना दोषी धरलं आणि त्यांतल्या सहांना फाशी सुनावली. 2010 मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने फाशीऐवजी 25 वर्षांची कैद दिली. त्या खटल्यावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. शब्दांपुरतं मला एवढंच म्हणायचं आहे की साक्ष देणाऱ्या मायलेकींनी आपली जबाबदारी पूर्ण पार पाडली होती. विचारलं गेलं, त्यांनी जबाब दिला. ज्यांनी तो ऐकला, लिहून घेतला, त्यावर सही घेतली, त्यांच्याकडे त्या मायलेकींचा जिम्मा होता. खरं बोला असं सांगणाऱ्या समाजाने, बोललेल्या माणसाला राखण्याची तयारी आधी करायची असते. ती नसेल तर लोक गप्प बसतात, आणि त्यांना भित्रे म्हणायचा अधिकार कुणाला नाही.

विश्वास हा संस्कृत शब्द याच कारणाने मला फार खरा वाटतो. त्यात ‘श्वस्’ धातू आहे, श्वास घेण्याचा. ज्याच्याजवळ मोकळा श्वास घेता येतो त्याच्यावर विश्वास. आश्वासन म्हणजे धापा टाकणाऱ्याचा श्वास जागेवर आणणं. निवडणुकीच्या सभांतून आश्वासनाचं काय झालं ते सगळे जाणतात, त्यावर वेगळं लिहायला नको.

मुनादीविषयी मात्र लिहायला हवं. पश्चिम महाराष्ट्रात दवंडी, आमच्याकडे मुनादी. अरबीत मुनादी म्हणजे हाक देणारा माणूस. इकडे ती खुद्द हाकेचं नाव झाली. कोतवाल मुनादी देतो, गावात मुनादी होते. तरी माणूस तिच्यातून निघाला नाही. ढोल वाजवत फिरणारा कोतवाल गावचा, त्याला कुणी पाठवलं ते गावाला माहीत, आणि मजकूर कळला नाही तर थांबवून विचारता येतं. लहान मुलंही त्याच्या मागे फिरत आणि घरी येऊन मजकूर सांगत.

अशी हाक किती लागते ते 2020 च्या ऑगस्टच्या अखेरीस वैनगंगेला महापूर आला तेव्हा दिसलं. वर मध्य प्रदेशात शिवनी जिल्ह्यात मुसळधार पाऊस, तिथल्या भीमगडच्या संजय सरोवरातून पाण्याचा मोठा विसर्ग, खाली गोसेखुर्द धरणाची 33ही दारं उघडलेली. भंडारा शहराच्या सखल वस्त्यांत पाणी शिरलं, काठची गावं वेढली गेली, धान गेलं. दोन राज्यांच्या यंत्रणांमध्ये समन्वय नव्हता अशी टीका तेव्हा जोरात झाली. नदी एक, राज्यं दोन. वरून पाणी सुटलं हे वाक्य खालच्या माणसापर्यंत, समजेल अशा शब्दांत आणि सामान हलवायला वेळ उरेल इतक्या आधी पोचतं की नाही, यावर घरं आणि जनावरं वाचतात. ‘इतके क्युमेक्स विसर्ग’ हा संदेश अभियंत्याला पुरतो. काठच्या गावाला हवं असतं ते एवढंच, की कारध्याच्या पुलाशी पाणी किती वाजेपर्यंत कुठवर चढेल आणि आपल्या टोलीत येईल का. हे भाषांतर करणं आणि त्याखाली आपलं नाव घालणं ही कुणाची तरी नेमून दिलेली जिम्मेदारी असायला हवी.

पूर आला की फोनवर संदेशांचाही पूर येतो. धरण फुटलं, पूल वाहून गेला, गाव खाली करा. पाठवणाऱ्याला विचारावं तर तो म्हणतो, ‘मला आलं, मी पुढे पाठवलं.’ या वाक्यात जबाबदार कुणीच नाही. जुन्या मराठीत अशा बोलण्यासाठी एक कसोटी होती: हवाला कुणाचा? अरबी हवाला म्हणजे एकाच्या अंगावरचं दुसऱ्याच्या अंगावर सोपवणं. ज्याच्या अंगावर सोपवलं तो हवालदार. हवाला देऊन बोलणं म्हणजे, हे कुणी सांगितलं ते सांगणं आणि त्याच्यापर्यंतची वाट खुली ठेवणं. पैशाच्या काळ्या व्यवहाराने हा शब्द पळवला, ही मराठीची हानी झाली. तो परत आणायला हवा. पुराच्या रात्री आलेल्या प्रत्येक संदेशाला ‘हवाला कुणाचा?’ एवढं जरी उलट विचारलं, तरी निम्मे तिथेच थांबतील.

निरोप या शब्दातही हे भान आहे. निरोप म्हणजे सांगावा, आणि निरोप म्हणजे जाण्याची परवानगी. जुन्या काळी ‘निरोप घेतला’ म्हणजे जायची आज्ञा घेतली. सांगावा नेणारा माणूस निघताना ‘पोचवतो’ म्हणून जायचा आणि उत्तर घेऊन परत यायचा. तो परत येईपर्यंत निरोप पुरा झाला नसे. आज निळ्या दोन खुणा दिसल्या की आपण समजतो, पोचलं. वाचलं गेलं असेल. पार गेलं का, ते उत्तर आल्यावर कळेल.

आता वाचकांना एक विनंती. ज्यांच्या गावात मामा तलाव आहे त्यांनी तहसील कार्यालयात जाऊन आपल्या गावचं निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज मागून घ्यावं. पुढच्या ग्रामसभेत ते मोठ्याने वाचावं, न कळलेले शब्द गावातल्या सत्तरी ओलांडलेल्यांना विचारावेत, आणि पार, तुडुम, सलंग यांचे अर्थ त्यांच्याच तोंडच्या बोलीत, सांगणाऱ्याच्या नावानिशी, समासात लिहून ठेवावेत. पाण्याची पाळी कशी ठरत असे तेही लिहावं. ही माणसं अजून आहेत, तोवर हे काम होऊ शकतं.